भर मोजणीत चालत गेलेल्या मावशी

मावशी आमदार झाल्या तेव्हा त्यांच्या निम्म्या मतदारांना त्यांनी स्वतःच्या हातांनी या जगात आणलेलं होतं. उरलेल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून दटावलं होतं. बाकीचे उमेदवार घरोघर हात जोडत फिरले, मावशी घरोघर रक्तदाब मोजत फिरल्या. "तुला मी तुझ्या आईच्याही आधी पाहिलंय, तेव्हाही असंच तोंड वाकडं होतं तुझं," असं मतदाराला तोंडावर सांगू शकणाऱ्या उमेदवाराला हरवणं सोपं नसतं. समोरच्या उमेदवाराने निकालानंतर कबूलच केलं की त्याच्या सख्ख्या बहिणीने मावशींना मत दिलं. का दिलं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही, कारण बहिणीला आठवा महिना होता.

मावशी डोंगरातल्या आदिवासी. वर डोंगरात त्यांच्या समाजाच्या चौदा वस्त्या आणि चौदा वस्त्यांना मिळून एक दवाखाना. दोन खोल्या, एक खाट, पत्र्याचं छप्पर आणि औषधांचं एक कपाट. मावशी पंधराव्या वर्षी तिथे झाडलोट करायला लागल्या. येणारे डॉक्टर थंडीने, एकटेपणाने किंवा बढतीने निघून जात. जाताना प्रत्येक जण मावशींना काहीतरी शिकवून जाई. कोणी टाके घालायला शिकवलं, कोणी सलाईन लावायला, एकाने पत्त्यांतला जुगारही शिकवला. मग सरकारने त्यांना रीतसर शिक्षणाला पाठवलं आणि परत आल्यावर सत्तावीस वर्षं त्या तिथल्या परिचारिका होत्या. अख्खा डोंगर त्यांना मावशी म्हणतो. खरी भाची एकच, ती मात्र त्यांना बाई म्हणते, कारण ती त्यांच्याच हाताखाली शिकली आणि शिकताना तिने बोलणी खाल्ली.

आता त्यांच्या समाजाच्या बैठकीची रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून झाला. डोंगरात काही ठरवायचं असलं की सगळे गोल करून बसतात. ज्याची गोष्ट असेल तो ती मांडतो. ज्याला पटलं तो बसून राहतो. ज्याला पटलं नाही तो उभा राहतो. मोजामोजी नाही. गोष्ट मांडणाऱ्याने उठायचं, उभ्या माणसापाशी चालत जायचं आणि विचारायचं, "तुझी हरकत काय?" मग तो सांगतो, हा ऐकतो, थोडं हा सरकतो, थोडं तो सरकतो, आणि उभा माणूस खाली बसला की ठरलं. कोणी उभं असेपर्यंत बैठक संपत नाही. एकदा विहिरीच्या जागेवरून एक म्हातारबाबा सकाळपासून दुपारपर्यंत उभे होते. तीनदा जागा बदलून पाहिली तरी बसेनात. शेवटी नीट खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पाठ आखडली होती.

मावशींची उमेदवारीही अशीच ठरली. त्यांचं नाव निघालं तेव्हा सगळे बसून राहिले, एकट्या मावशी उभ्या राहिल्या. दवाखाना कोण बघणार, ही त्यांची हरकत. भाची बघेल, असं ठरलं. मग मावशी खाली बसल्या. जगात सगळीकडे लोक निवडणुकीला उभे राहतात, मावशी बसल्या आणि निवडून आल्या.

मावशींचे यजमान शिंपी. बायको आमदार झाल्याचं त्यांना इतकं कौतुक, की त्यांनी तिला राखी रंगाचं एक जाकीट शिवलं आणि त्याला सात खिसे ठेवले. आमदाराकडे कागद फार असतात, असं त्यांनी ऐकलं होतं. मावशींनी त्या खिशांत कापूस, चिकटपट्टी, थर्मामीटर आणि रक्तदाबाचं यंत्र भरलं. सभागृहाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी झडती घेतली आणि यंत्र पाहून विचारलं, हे काय. मावशींनी तिथल्या तिथे त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दुसऱ्या दिवसापासून तो मिठाशिवाय जेवायला लागला.

सभागृहात एकूण बासष्ट जण. त्यातल्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आवाजात अजून शाळेची घंटा होती आणि मोठमोठे नेते त्यांच्याकडे पाणी प्यायला जायची परवानगी मागत. बाकांना लाल गादी, समोर नावाची पाटी, पाटीशेजारी ध्वनिक्षेपक. मावशींना बोलायला मिळत चार मिनिटं. त्या तीनच बोलत, आणि पाणी पिऊन बसत. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव 'शांत सदस्य' ठेवलं. पण चहाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीबाहेर रांग लागे. सभागृहात बाजू दोन होत्या, रक्तदाब दोन्हीकडे सारखाच वाढलेला होता.

असे चौदा महिने सुखात गेले, आणि मग ते विधेयक आलं.

विधेयक छोट्या दवाखान्यांचं होतं. ज्यांचा वापर कमी, ते बंद करून खालच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करायचे. यादीत सत्त्याहत्तर दवाखाने होते, आणि एकसष्टाव्या क्रमांकावर मावशींचा. मावशींनी यादी तीनदा वाचली. वरच्या वस्तीतून मोठ्या रुग्णालयापर्यंत साडेचार तास लागतात, तेही रस्ता उघडा असला तर. वर्षातले चार महिने दरडींमुळे तो उघडा नसतो. अडलेल्या बाईला चार महिने थांब असं सांगता येत नाही, हे मावशींपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

मग त्यांनी एक दुरुस्ती मांडली. दोनच ओळींची. जिथला रस्ता वर्षातून तीन महिन्यांहून जास्त बंद असतो, तिथला दवाखाना बंद करू नये. मावशी राजकारणात कशासाठी आल्या, असं कोणी विचारलं असतं तर आता त्या दोन ओळी दाखवता आल्या असत्या.

मावशींच्या बाजूच्या प्रतोदांचं काम एकच, आपली माणसं मोजत राहणं. गृहस्थ झोपेतही बोटांवर मोजत, असं त्यांची बायको सांगे. त्यांनी आठवडाभर घरोघर जाऊन, हातापाया पडून, एका सदस्याच्या मुलीचं लग्न चार दिवसांनी पुढे ढकलून घेऊन बेरीज जमवली. अध्यक्षबाई मत देत नाहीत. उरले एकसष्ट. आपले एकतीस, त्यांचे तीस. एकाने जरी इकडचं तिकडे केलं किंवा मत दिलंच नाही तर दुरुस्ती पडणार, कारण समसमान झालं की मांडलेली गोष्ट पडते, असा नियम. त्यांनी मावशींना एवढंच सांगितलं, की तुमच्या मताची मला काळजी नाही.

तोवर मावशींनी पाहिलेली सगळी मतं आवाजी होती. 'हो' म्हणणारे ओरडत, 'नाही' म्हणणारे ओरडत, अध्यक्षबाई कानांवर विश्वास ठेवून निकाल देत. मोजून मत म्हणजे काय ते यजमानांनी पुस्तिका वाचून समजून घेतलं आणि घरी सराव घेतला. शिलाई यंत्रामागे ते अध्यक्ष होऊन बसले, समोर चार खुर्च्यांवर कापडाचे तागे सदस्य म्हणून ठेवले. बाजूने असणाऱ्यांनी उभं राहावं, असं ते म्हणाले की मावशींनी उभं राहायचं. आठ वेळा सराव झाला. आठही वेळा मावशी बरोबर उभ्या राहिल्या. "तागे उठले नाहीत, त्यामुळे दुरुस्ती पडली," एवढाच शेरा यजमानांनी दिला.

मतदानाचा दिवस आला. सकाळी अकराला मावशींनी दुरुस्ती मांडली. रस्त्याबद्दल बोलल्या, दरडीबद्दल बोलल्या, मागच्या वर्षी पाळण्याच्या दोऱ्यांची झोळी करून खांद्यावरून आणलेल्या बाईबद्दल बोलल्या. आरोग्यमंत्री समोर बसून फाईल चाळत होते. मंत्री मूळचे दातांचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलेलं त्यांना चाले, त्यातून शब्द आले की त्यांचा चेहरा उतरे. त्यांनी उत्तरात एकच वाक्य सांगितलं, की वापर कमी आहे आणि सरकार भावनेवर चालत नाही.

घंटा वाजली. दारं बंद झाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, दुरुस्तीच्या बाजूने असणाऱ्यांनी आपापल्या जागी उभं राहावं.

आणि मावशी बसून राहिल्या.

काय झालं ते मावशींना नंतरही नीट सांगता आलं नाही. डोक्याला सगळं पाठ होतं. पण आपली गोष्ट मांडून झाली की बसायचं, हे त्यांचे गुडघे आयुष्यभर शिकलेले होते, आणि आठ वेळच्या सरावाने गुडघ्यांचं मत बदललं नव्हतं. त्या मांडीवर हात ठेवून, चेहऱ्यावर समाधान घेऊन, अगदी निवांत बसल्या. आजूबाजूचे तीस जण ताडकन उठले. शेजारच्या सदस्याने त्यांना कोपराने ढोसलं. मावशींना वाटलं, चांगलं भाषण झालं म्हणून शाबासकी देतोय. त्या हसल्या.

तिकडे प्रतोद मोजत होते. तिसाव्या माणसापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग त्यांची नजर मावशींवर पडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हाक मारता येत नव्हती, मोजणीत बोलायला बंदी. त्यांनी दोन्ही हातांनी वर, वर असं केलं. मावशींनी वर पाहिलं. छत ठीक होतं.

सभागृहाच्या चिटणिसांनी आकडा लिहिला, बाजूने तीस. अध्यक्षबाई म्हणाल्या, विरोधात असणाऱ्यांनी उभं राहावं.

समोरचे तीस जण उभे राहिले. सर्वांत पुढे मंत्री, फाईल पोटाशी धरून.

मावशींनी समोर पाहिलं. तीस माणसं उभी! डोंगरात एकाच वेळी तीन जण उभे राहिलेले त्यांनी आयुष्यात एकदा पाहिले होते, आणि ती बैठक दोन दिवस चालली होती. इथे तीस जणांची हरकत होती आणि कोणी त्यांच्यापाशी जात नव्हतं. सगळे खुशाल बसून पाहत होते. गोष्ट कोणाची? आपली. मग जायचं कोणी?

मावशी उठल्या. जाकीट सारखं केलं. बाकांमधल्या वाटेने खाली उतरल्या, मधला मोकळा गालिचा ओलांडला आणि मंत्र्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या गालिच्यावर मोजणी चालू असताना त्याआधी कोणी पाय ठेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चिटणिसांची लेखणी हवेत राहिली.

मंत्री दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, जागेवर जा."

"जाते," मावशी म्हणाल्या. "आधी सांगा, तुमची हरकत काय?"

मंत्री बावीस वर्षं राजकारणात होते. त्यांना लोकांनी लाज आहे का विचारलं होतं, पैसे कुठे गेले विचारलं होतं, पुन्हा तोंड कधी दाखवणार विचारलं होतं. हरकत काय, हे कोणी विचारलं नव्हतं. समोरची बाई उत्तर ऐकायला म्हणून आली आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. सवय नसल्याने त्यांनी खरं उत्तर दिलं.

"महिन्याला अकरा पेशंट," ते म्हणाले आणि फाईल उघडून बोट ठेवलं. "अकरा, बाई. अकरा माणसांसाठी मी दवाखाना कसा चालवू?"

मावशींनी फाईलमध्ये डोकावून पाहिलं. तक्ता ओळखीचा होता. सत्तावीस वर्षं दर महिन्याला त्यांनीच तो भरला होता. त्या गेल्यावर आता भाची भरत होती, आणि कसा भरायचा ते तिला त्यांनीच शिकवलं होतं. वर रकाना होता, 'दवाखान्यात आलेले रुग्ण'. मावशी खोटं लिहिणाऱ्या नव्हेत. जे आले तेवढेच लिहायचे. पण डोंगरात आजारी माणूस दवाखान्यात येत नाही, दवाखाना पिशवीत भरून आजारी माणसाकडे जातो. जायचा रकाना सरकारने छापला नव्हता, म्हणून तो आकडा कुठे लिहिलाच नव्हता. आपल्याच सुवाच्य अक्षराने आपण आपला दवाखाना बंद करत आणला, हे मावशींना तिथे, गालिच्याच्या मधोमध, लख्ख दिसलं. त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी ते मंत्र्यांना सांगितलं. आवाज न चढवता, जसं घडलं तसं. गेल्या महिन्यात भाची एकशे बारा घरी जाऊन आली होती, त्यात सात बाळंतपणं होती. तिची घरची वही वेगळी असते, कोणत्या वस्तीवर कोणाचं औषध कधी संपतंय हे लक्षात राहावं म्हणून.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मंत्री म्हणाले.

"तुमचं म्हणणं काय ते आत्ता कळलं ना," मावशी म्हणाल्या.

एव्हाना चिटणिसांना आवाज फुटला होता. त्यांनी टेबलावरची बारीक पुस्तिका उघडली, चष्मा पुसला आणि अध्यक्षबाईंना नियम दाखवला. मोजणी चालू असताना कोणत्याही सदस्याने आपली जागा सोडली तर ती मोजणी रद्द, आणि पंधरा मिनिटांनी नव्याने घ्यावी. नियम जुना होता. पूर्वी सदस्य एका बाजूला मोजून झाले की पळत पलीकडे जाऊन पुन्हा मोजले जात, त्यासाठी केलेला. अध्यक्षबाईंनी तो दोनदा वाचला. मग मावशींकडे अशी नजर टाकली, की पाचवीच्या वर्गातली पोरं गार झाली असती. मोजणी रद्द असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

प्रतोद तोवर डोक्याला हात लावून बसले होते. दुरुस्ती पडलीच, असं धरून ते मनातल्या मनात त्या लग्न पुढे ढकललेल्या मुलीच्या बापाला काय सांगायचं ते जुळवत होते. रद्द हा शब्द ऐकून त्यांचा जीव इतका भांड्यात पडला, की त्यांनी शेजाऱ्याचं पाणी पिऊन टाकलं. बाहेरच्या मार्गिकेत मावशींना गाठून ते आधी रागावणार होते. पण मावशींनीच विचारलं, मी उभं राहायचं होतं ना? आणि त्यांचा चेहरा पाहून प्रतोदांचा राग जागच्या जागी विरघळला. मावशींच्या ओठांवर पांढरी रेघ आली होती. दोन ओळींसाठी एवढं सगळं केलं आणि वेळेला आपणच बसून राहिलो, हे आत्ता त्यांच्या ध्यानात येत होतं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही इंजेक्शन चुकीच्या माणसाला गेलं नव्हतं.

"मावशी," प्रतोद हात जोडून म्हणाले, "आता फक्त उभं राहा. कोणी काही म्हणो, छत पडो, तुम्ही उभ्या राहा. चालू नका. विचारू नका. हसूसुद्धा नका."

मावशींनी मान डोलावली. मग जिन्याच्या कठड्याला धरून त्या पंधरा मिनिटं उभ्याच राहिल्या. बसलं की पुन्हा उठता येईल याचा त्यांना आता भरवसा वाटत नव्हता. पलीकडच्या खिडकीपाशी मंत्री आपल्या सचिवाला काहीतरी विचारत होते. सचिव कागद उलटसुलट करत होता, आणि असा दुसरा रकाना आपल्याकडे नाही, हे वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता. मंत्र्यांनी बाकीच्या शहात्तर दवाखान्यांचं काय, असंही विचारल्याचं ऐकू आलं. त्यावर सचिव नुसताच खोकला.

पुन्हा घंटा वाजली. पुन्हा दारं बंद झाली. अध्यक्षबाईंनी तोंड उघडलं आणि मावशी ताडकन उभ्या राहिल्या. गुडघा बाकाला आपटला, नावाची पाटी खाली पडली.

"बाई, मी अजून विचारलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो," मावशी म्हणाल्या, "पण असू द्या."

सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. अध्यक्षबाईंनी मुख्याध्यापिकेसारखं ओठ मुडपून हसू आवरलं आणि वाक्य पूर्ण केलं. बाजूने एकतीस. प्रतोदांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकतीस भरले, आणि एकतिसाव्या म्हणजे मावशी होत्या, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून.

मग विरोधात असणाऱ्यांना विचारलं. समोरचे लोक उठायला लागले आणि पुढे पाहून थबकले. मंत्री बसूनच होते. फाईल मिटलेली, हात फाईलवर. मागच्या बाकांवर एकच गडबड उडाली. काही पुरते उभे राहिले, काही अर्धवट उठून गादीच्या वर वीतभर अधांतरी राहिले, एक जण उठला, बसला, पुन्हा उठला आणि शेवटी वाकून बूट बांधायला लागला. चिटणिसांनी अधांतरी असलेल्यांना एकेक करून विचारलं. विरोधात अठरा. बारा जण तटस्थ, त्यात आरोग्यमंत्री. सभागृहाच्या कागदावर ते तटस्थच राहतील. मावशींनी मात्र त्यांना बसलेलं पाहिलं आणि माणूस राजी झाला, असंच धरलं. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मंत्र्यांचे तसे आभारही मानले. मंत्र्यांनी ते नाकारले नाहीत. एक कप जास्त साखरेचा चहा घेतला आणि तो नवा रकाना कसा छापायचा, ते त्यांच्याकडून रुमालाएवढ्या कागदावर काढून घेतलं.

प्रतोद पायऱ्यांवर बसले होते. मावशींनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा पाहून म्हणाल्या, आज घरी जाऊन झोपा, उद्या कोणाला मोजू नका. ते म्हणाले, झोपेत मोजतो त्याचं काय करू? त्याला औषध नाही, मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी मार्गिकेतल्या टेलिफोनवरून दवाखान्यात फोन लावला. बऱ्याच वेळाने कोणीतरी उचलला. भाची नव्हती. भाची तिसऱ्या वस्तीवर गेली होती. उचलणारी एक बाई होती, पायाला जखम होऊन पट्टी बदलायला आलेली, खाटेवर बसून वाट पाहत होती.

"ती आली की तिला सांग," मावशी म्हणाल्या, "दवाखाना राहिला म्हणून."

ती बाई म्हणाली, "राहिला म्हणजे? जाणार होता का कुठे?"

भाचीने कोणाला सांगितलंच नव्हतं. सरकारी कागद आला त्या दिवशी घडी करून पिशवीच्या तळाला ठेवला होता आणि त्याच पिशवीतून एकशे बारा घरी औषधं नेली होती.

मावशींनी भिंतीला पाठ टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "कुठे जातोय. तुझ्या पायाला सूज आहे का, ते सांग आधी."